नागपूरच्या अंगणात जाबोटिकाबा लावायचा असेल तर

आमच्या फाटकातून आत आलं की जिन्याच्या बाजूला एक निळा अर्धा ड्रम आहे. त्यात माझ्या खांद्याइतक्या उंचीचं एक झाड उभं आहे. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण फळं धरली की दूधवाल्यापासून मीटर वाचायला येणाऱ्या मुलापर्यंत सगळे थबकतात. "ताई, याच्या खोडाले काय झालं?" कारण फळं फांदीच्या टोकाला लागत नाहीत. थेट खोडाला आणि जाड फांद्यांना काळे टपोरे मणी चिकटवल्यासारखी लागतात. एक तोडून हातावर ठेवलं की प्रश्न बदलतो: "याचं रोप कुठं भेटते?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं म्हणून हा लेख लिहिते आहे. रोप मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. ते नागपुरात जगवणं हे खरं काम आहे आणि त्यातली बहुतेक रोपं उन्हामुळे मरतच नाहीत. ती आपल्या चुनखडीच्या मातीनं आणि जड पाण्यानं मरतात. हे मला दोन रोपं गेल्यावर कळलं. तुमचं पहिलंच रोप वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

जाबोटिकाबा मूळचा ब्राझीलच्या दक्षिण-पूर्व भागातला, मिनास जेराइस आणि साओ पाउलो या राज्यांकडचा. कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. जांभूळ, पेरू आणि लवंग याच कुळातली. मोठ्या झाडाची सालही पेरूसारखी पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, पिवळसर तांबूस खोड दिसतं. फळाची साल जाड, काळी-जांभळी. आत पांढरा, रसाळ, गोड गर आणि एक ते चार बिया. तोडल्यावर तीन-चार दिवसांत फळ आंबायला लागतं. म्हणून ते बाजारात सहसा दिसत नाही. ज्याच्या घरी झाड, त्यालाच ते चांगलं खायला मिळतं.

नर्सरीत मँगोस्टीन, रामबुतान, ड्युरियनची रोपंही आता दाखवतात. नवख्या माणसानं नागपुरात त्यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना बारमाही दमट हवा लागते. आपल्याकडे मे महिन्यात ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. जाबोटिकाबा त्यामानानं सोशिक आहे. आपली थंडी, अगदी पहाटेची ५-६ डिग्रीची, तो सहज काढतो. उन्हाळ्यात त्याला सावली आणि पाणी दिलं तर तोही निघतो.

रोप निवडताना

दोन प्रकार तुमच्यासमोर येतील. एक 'सबारा', मिनास जेराइसमधल्या त्याच नावाच्या गावावरून ओळखला जाणारा. पानं बारीक, फळ लहान पण चवीला सर्वांत सरस. बीपासून केलेल्या सबाराला फळ यायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. दुसरा 'रेड हायब्रीड'. पानं मोठी, नवी पालवी तांबूस, फळ काळपट लाल. हा तीन ते पाच वर्षांत फळायला लागतो. पहिलं झाड रेड हायब्रीडचं घ्या. वाट पाहण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते, आणि पहिलं फळ हाती आलं की सबारासाठी थांबायचा धीर आपोआप येतो.

मला एका विक्रेत्यानं वीतभर रोप "पुढच्या वर्षी फळ" म्हणून विकलं होतं. त्याची चार वर्षं झाल्यावरही पेन्सिलएवढीच जाडी होती. म्हणून उंचीपेक्षा बुंधा बघा. अंगठ्याएवढा जाड बुंधा आणि खालपासून दोन-तीन फांद्या फुटलेल्या असतील तर रोप काही वर्षांचं आहे. नवी पालवी आलेली असावी. जुनी पानं हिरवी पण कोवळी पानं पिवळी आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, असं रोप स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. तो केवडा, म्हणजे लोह न मिळाल्यानं पानं पिवळी पडण्याचा रोग, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आणायची वेळ: मृगाचा पाऊस पडून हवा निवली की. जुलै उत्तम. मार्चनंतर आणलेलं रोप नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, बघायच्या आत थकतं.

आधी मातीची परीक्षा

हे काम रोप आणायच्या आधी करा. अंगणातली पसाभर माती घ्या, वाळवा, ढेकळं फोडा आणि स्टीलच्या वाटीत ठेवून वर दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका. कान वाटीजवळ न्या. सोडा फोडल्यासारखा बारीक फसफस आवाज आला, बुडबुडे उठले, तर मातीत चुना आहे. माझ्या अंगणातल्या मातीनं तर वाटीभर फेस काढला. माती खणताना खड्यांसारखे पांढरे गोळे हाताला लागतात, तीच चुनखडी.

आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) बहुधा ७.५ ते ८.५ च्या घरात असतो. जाबोटिकाबाला ५.५ ते ६.५ लागतो. फरक आकड्यात लहान दिसतो, पण सामूचा एक आकडा म्हणजे आम्लतेत दहा पट फरक. अशा मातीत लोह असतं, पण ते मुळांना घेता येत नाही. झाड भरल्या ताटापुढे उपाशी राहतं.

"मोठा खड्डा करून लाल माती भरली तर?" हा प्रश्न हमखास येतो. मी केलं होतं. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात भोवतालच्या काळ्या मातीतलं चुन्याचं पाणी त्यात उतरलं आणि पोळ्यापर्यंत शेंडा पिवळा पडला. तेव्हापासून मी जमिनीचा विचार सोडला. नागपुरात जाबोटिकाबा ड्रममध्येच लावा. त्याची मुळं तंतूसारखी बारीक आणि वरवर पसरणारी असतात, त्यामुळे त्याला खोल जागेची गरजही नाही. रुंद भांडं हवं.

भांडं आणि मिश्रण

सुरुवातीला १२ इंची कुंडी, दोन वर्षांनी १८ इंची, मग २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा मधोमध कापून त्याचा अर्धा भाग. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारून घ्या. खाद्यतेलाचा किंवा सरबताचा असेल तर बरा. तळाला बोटभर रुंदीची सात-आठ भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा.

सिमेंटची कुंडी वापरू नका. पाणी घालत गेलं की सिमेंटमधला चुना मातीत उतरत राहतो, आणि ज्यापासून पळतोय तेच आपण घरात आणतो.

गच्चीवर ठेवणार असाल तर ओल्या मातीनं भरलेला अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या आसपास जातो. तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता कॉलम किंवा बीमच्या डोक्यावर ठेवा.

मिश्रण मी घमेल्यानं मोजते. चार घमेली लाल माती, तीन घमेली पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, दोन घमेली गांडूळ खत, एक घमेलं भाताचं तूस. तूस भंडाऱ्या-गोंदियाकडच्या राइस मिलमधून पोत्यानं मिळतं. पालापाचोळ्याचं खत नसेल तर कोकोपीट चालेल, पण ते तीनदा धुऊन, कारण त्यात मीठ असतं. वर दोन मुठी निंबोळी पेंड. लाल मातीचीही व्हिनेगरनं परीक्षा घ्या. लाल रंगाच्या नावाखाली मुरूम चाळून विकलेला मी पाहिलाय आणि तो फसफसतो. तूस नसेल तर कन्हानची जाड वाळू घालता येते, तिचीही हीच परीक्षा.

काही गोष्टी आपण बागेत सवयीनं टाकतो त्या इथे वर्ज्य: चुलीची राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, चुना. सगळ्यांनी सामू वर जातो. आणखी एक. आपल्याकडे झाडाच्या बुंध्याला गेरू-चुना लावायची पद्धत आहे, संत्र्याला बोर्डो पेस्ट लावतात. या झाडाच्या खोडावर डोळे असतात, कळी तिथूनच येणार आहे. खोडाला काहीही फासू नका.

रोप लावताना पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फोडू नका. बुंधा पिशवीत जितका मातीत होता तितकाच राहू द्या. हातानं हलकं दाबा, पायानं नको. मग तळातून पाणी वाहीपर्यंत पाणी द्या आणि पंधरा दिवस पूर्ण सावलीत ठेवा. या पंधरा दिवसांत खत, औषध काही घालू नका.

पाणी: सगळं काम इथंच आहे

कूलरच्या ताटीतलं गवत एप्रिलच्या शेवटी काढून बघा. पांढरा, खरबरीत थर बसलेला असतो. ते पाण्यातले क्षार. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. कुंडीतही रोज हेच घडतं, फक्त ते दिसत नाही. बोअरिंगचं पाणी असेल तर आणखी लवकर.

म्हणून या झाडाला पाण्याची पसंती लावून द्या. पहिला मान पावसाच्या पाण्याचा. १०० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला तर जवळपास ९० लिटर पाणी पाइपातून उतरतं, म्हणजे दोन-तीन चांगल्या सरींत मोठा ड्रम भरतो. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी जाऊ द्या, नंतरचं साठवा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. दुसरा मान एसीच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्याचा, त्यात क्षार जवळपास नसतात. मे महिन्यात हवा कोरडी असल्यानं ते थोडं निघतं, जून-जुलैत बादली भरते. तिसरा नळाचं पाणी. ते देताना मी बादलीत लिंबूसताचे थोडे दाणे विरघळवते आणि सामूची पट्टी बुडवून बघते. रंग ६ च्या आसपास आला की थांबते. प्रमाण प्रत्येक घरच्या पाण्याप्रमाणे बदलेल, म्हणून चमच्याचं माप न सांगता पट्टीच घ्या म्हणते. एक पाकीट वर्षभर पुरतं.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र कधीच घालू नका. पाणी फुकट जाऊ नये ही आपली भावना चांगली आहे, पण त्या दोन्हींत क्षार एकवटलेले असतात. ते फरशी धुवायला वापरा.

किती पाणी? या झाडाला वाफसा, म्हणजे चिखल न होता टिकणारी ओल, कायम हवा. बोट दोन पेरं मातीत घाला. गार आणि ओलसर लागलं तर थांबा, वरचं पेर कोरडं लागलं तर पाणी द्या. पावसाळ्यात आठवडाभरही द्यावं लागत नाही. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी. एप्रिल-मेमध्ये सकाळी भरपूर आणि सूर्य कलल्यावर पुन्हा. महिन्यातून एकदा साठवलेलं पावसाचं पाणी तळातून धो-धो वाहीपर्यंत घाला म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातील.

इथं माझ्या मामाची गोष्ट सांगते. मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदून जातं, हे त्याचं आयुष्यभराचं शास्त्र. माझं झाड चार वर्षांचं झालं तरी फुलेना, तेव्हा तो म्हणाला, "पोरी, पाणी तोड थोडे दिवस. तहानलं का फुटतेच झाड." मी तोडलं. नवव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, दोन आठवड्यांत अर्धी पानं ड्रमखाली. मामाचं संत्र्याचं ज्ञान पक्कं आहे, पण हे झाड ताण सोसत नाही. त्याला उलट पाण्यानं फूल येतं. पानं परत यायला एक अख्खा पावसाळा गेला. संत्र्याच्या या शहरात हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल, म्हणून आधीच सांगितलं.

नवतपा काढायचा कसा

वर्षभर सकाळी अकरापर्यंतचं ऊन आणि मग सावली, अशी पूर्वेकडची जागा सर्वांत चांगली. पश्चिमेच्या भिंतीजवळ ठेवू नका. ती भिंत रात्री दहापर्यंत झळ फेकत असते.

होळी झाली की ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. बहुतेक जण ती फक्त डोक्यावर बांधतात. आपल्याकडे दुपारचा तापलेला वारा आडवा येतो, तेव्हा पश्चिमेच्या बाजूलाही जाळीचा पडदा हवा. ड्रमच्या बाहेरून तरटाचं पोतं गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ ते ओलं करा. मुळं थंड राहतात. आसपास इतर कुंड्या दाटीनं ठेवल्या की थोडा दमटपणा टिकतो.

मातीवर आच्छादन चार बोटं जाड. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळतात, रस्त्याच्या कडेला ढीग पडतात. एक पोतं भरून आणा. ती मोठी असतात, उडत नाहीत, सावकाश कुजतात. बुंध्याला चिकटवू मात्र नका, चार बोटं जागा सोडा. मे महिन्यात पानांची टोकं थोडी करपली तर घाबरू नका, छाटूही नका. पाऊस पडला की नवी पालवी येते.

खत आणि केवडा

खत थोडं आणि वरचेवर. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळ खत, आणि मोठ्या ड्रमला एक चमचा अमोनियम सल्फेट ओल्या मातीवर पसरून. त्यानं नत्रही मिळतं आणि सामूही थोडा खाली राहतो. हिवाळ्यात फक्त गांडूळ खत. उन्हाळ्यात काहीच नको.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की केवडा झाला असं समजा. लोक आधी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) मातीत टाकतात. मातीचा सामू वर गेलेला असेल तर ते लोहही तिथंच अडकतं, रंग दोन-चार दिवसही टिकत नाही. आधी पाण्याचा सामू तपासा, कारण दोष बहुधा तिथं असतो. तोवर झाडाला आधार म्हणून लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत घालून सूर्य मावळल्यावर पानांवर फवारा. मातीत द्यायचं असेल तर कृषी केंद्रातून 'ईडीडीएचए' लिहिलेलं चिलेटेड लोह मागा. साधं 'ईडीटीए' चुन्याच्या मातीत टिकत नाही, म्हणून पाकिटावरची अक्षरं वाचूनच पैसे द्या.

कीड फार नाही. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर वर पिठ्या ढेकूण आहे असं समजा. लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण, आठवड्याच्या अंतरानं दोनदा.

छाटणी अगदी जपून. झाडाच्या पोटातल्या, आडव्या जाणाऱ्या काडीएवढ्या बारीक फांद्या तेवढ्या काढा, म्हणजे खोडापर्यंत उजेड आणि हात पोहोचेल. जाड फांदी कापू नका. फळाची जागा तीच आहे.

कळी ते फळ

पाचव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, मी पाणी घालायला वाकले तेव्हा बुंध्यावर मोहरीएवढे फुगीर ठिपके दिसले. वाटलं, खवले कीड. नख लावणार होते, थांबले. पाचव्या दिवशी त्यातून पांढरे केसाळ झुबके फुटले, खोडावर कापूस चिकटवल्यासारखे, आणि मंद गोड वास. म्हणून तुम्हालाही सांगते, पहिल्या ठिपक्यांना हात लावू नका.

फूल दिसल्यापासून फळ उतरेपर्यंत पाण्यात एक दिवसही खाडा नको. या काळात माती सुकली तर बारीक हिरव्या गोट्या गळून पडतात. साधारण महिन्याभरात गोटी हिरवी, मग लाल, मग काळी होते. रंग आला की पूर्ण काळं होईपर्यंत चार-पाच दिवस थांबा आणि बोटानं हलकं दाबून थोडं मऊ लागलं की तोडा. तोडल्यावर ते पिकत नाही. बुलबुल आणि खारी मात्र आपल्याआधी ताव मारतात. खोडाभोवती जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सैल गुंडाळून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावला की पुरतं.

पहिल्या वर्षी माझ्या झाडाला अकरा फळं आली. खायची रीत अशी: देठाकडून दातानं साल फोडायची आणि दाबायचं, गर सुळकन तोंडात येतो. चव द्राक्षाजवळची, मागे किंचित लिचीची आठवण. साल तुरट असते, एखादी चावून बघा पण ढीगभर खाऊ नका. पुढे फळं वाढली की सालीसकट शिजवून गाळून जेली करता येते, रंग गडद जांभळा येतो.

बिया थुंकून टाकू नका. त्या वाळल्या की मेल्याच, त्यामुळे पाकिटात जपून ठेवायची सोय नाही. गर धुऊन त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कोकोपीट आणि गांडूळ खताच्या मिश्रणात नखभर खोल पेरा. चहाच्या कागदी कपाला भोक पाडून घेतलं तरी चालतं. सावलीत, ओलसर ठेवा. तीन-चार आठवड्यांत कोंब येतात, आणि एका बीतून कधी दोन-तीनही येतात. ते चार पानांचे झाले की हळूच वेगळे करा. माझ्या त्या अकरा फळांतल्या बियांची नऊ रोपं झाली. त्यातलं एक मामाच्या बागेत, संत्र्यांपासून लांब, निळ्या ड्रममध्ये आहे. त्याला मात्र तो रोज पाणी देतो.